भुलाबाईचा बंद डबा

"डब्बा खोलिए," परीक्षक म्हणाले आणि जयश्री मॅडमनी शेजारी उभ्या प्राचार्यांकडे चोरून पाहिलं.

भोपाळहून आलेल्या या शुक्ला सरांच्या शेऱ्यावरच ठरणार होतं, की मॅडमचा 'वारसा आणि आजची कला' हा नवा पेपर मध्य प्रदेशातल्या या मराठमोळ्या सौंसरच्या कॉलेजात राहणार की जाणार. प्राचार्यांना तर तो निव्वळ रिकामटेकडेपणा वाटे. सकाळपासून सरांनी प्रत्येकाचं काम "ठीक है" म्हणून वाटेला लावलं होतं. शेवटी मोहगावच्या अश्विनीनं आपली कलाकृती म्हणून मांडलेली खोली आली. आत जेमतेम उजेड, गावातल्या बायांच्या आवाजात रेकॉर्ड केलेली भुलाबाईची गाणी आणि छताला दोरीनं टांगलेले बंद डबे. बस्स!

भुलाबाईच्या खेळात गाणी संपली की घरची पोरगी झाकलेला खाऊ वाजवते आणि बाकीच्यांनी आवाजावरून तो ओळखायचा, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. भोपाळच्या सरांना कुठून असणार?

"असा नाही उघडत, सर," अश्विनी म्हणाली. "पयले वाजवून ओळखा. नाही जमलं तं 'हरलो' म्हणा. मंगच उघडतो."

"नंबर मुझे देने हैं, बेटा."

"मार्क द्या नं सर. पण डबा नाही उघडत."

काय बाई ही पोरगी! मॅडमना वाटलं, धावत जाऊन आपणच झाकण काढावं. प्राचार्य डोळे वटारून त्यांच्याकडेच बघत होते. पण खेळ जपायचा तर तो खेळावा लागतो, असं वर्षभर घसा कोरडा करून सांगितलं होतं कुणी? आता कच खाल्ली, तर उद्या वर्गात कोणत्या तोंडानं उभं राहायचं?

"सही कह रही है, सर," त्या म्हणाल्या. "बजाइए."

सरांनी कपाळाला आठ्या घालून डबा हलवला. "चने." दाराशी जमलेल्या वर्गातल्या पोरी खिदळल्या. "मूंगफली?" पुन्हा खिदळल्या. प्राचार्यांनाही राहवेना. "अरे, खारका असतीन!" ते मधूनच ओरडले आणि तेही चुकले. सरांनी चष्मा काढला, डोळे मिटले, डबा कानाशी धरून हळूहळू हलवत राहिले. कितीतरी वेळ.

"हरलो," ते म्हणाले, चक्क मराठीत.

आतून निघाले भाजलेले चिंचोके. सरांनी एक तोंडात टाकून कडकन फोडला, मग मूठभर घेतले. मॅडमचा ऊर असा भरून आला, की वाटलं, आपली विद्यार्थिनी म्हणून या पोरीला साऱ्या गावाला दाखवत फिरावं!

सर हरलेच आहेत, म्हणून अश्विनीनं दुसऱ्या डब्याच्या झाकणालाही हात घातला. सरांनी झटकन तिला अडवलं.

"रुको! ढक्कन मत छूना. इसे मैं पहचानूँगा."