मेलेल्या दादूचा रुपया

चिंचणीत शकूताईच्या दारात सकाळपासून ही गर्दी! कुणी हात जोडलेले, कुणी रडवेलं. शकूताईचा फोन टुणकन वाजला आणि बायका पुढे सरसावल्या. स्क्रीनवर अक्षरं उमटली: दादूकडून एक रुपया मिळाला.

दादू म्हणजे शकूताईचा नवरा. बोटीवरून पडून बुडाला, देहसुद्धा हाती लागला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते, पण खरं सांगते, ते नाव पाहून माझ्याही अंगावर काटा आला.

"बघा बाई, रोज पाठवतो!" शकूताईकडे पूजा मांडून बसलेले दर्याबाबा मला म्हणाले. "आत्म्याचं खातं हे! बँकेला सुट्टी असते, सर्व्हर झोपतो, आत्मा झोपत नाही. चार्ज शून्य! लेकीची फी दादूकडे पाठवा, तो कॉलेजात पोचवील. बापाचा हात लागला की बरकत!"

डोंबलाची बरकत! दादूने जमवलेले पैसे ते, लेक तेजलच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेले. आज भरले नाहीत तर पोरीची जागा जाणार होती. आणि शकूताईचं बोट बटणावर टेकायच्या बेतात.

"थांब!" मी म्हटलं. "हा फोन कधी बाबांकडे दिला होतास?"

"पूजेला ठेवलेला ना. आमी जालं पण गाठी सोडूनच पूजतो, बांधलेल्या वस्तूला पूजा लागत नाय. म्हणून फोनचं लॉक काढून दिलेलं."

अस्सं! मी तिच्या फोनमध्ये माझा नंबर 'समुद्रदेव' नावाने सेव्ह केला आणि माझ्या फोनवरून रुपया पाठवला. समुद्रदेवकडून एक रुपया मिळाला!

"अगो बाय!" कुणीतरी किंचाळलं.

"वर दिसतं ते फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव. बँकेतलं खरं नाव खाली, बारीक अक्षरांत." दादूच्या रुपयाखाली मी मोठ्याने वाचलं: बबलू. बाबांचा शंख सांभाळणारा चेला! पूजेच्या वेळी उघड्या फोनमध्ये त्याचाच नंबर 'दादू' नावाने सेव्ह केला होता. तो मागच्या दाराने पळाला. बाबांना मात्र बायकांनी पोलीस येईपर्यंत हलू दिलं नाही.

मग कॉलेजात फोन करून खातं विचारलं, बँकेच्या ॲपवर नाव ताडून पाहिलं, आधी थोडे पाठवले, पोचल्याचं कळल्यावर बाकीचे. चार्जचा एक पैसाही लागला नाही. तेजलची जागा राहिली.

"बायांनो," मी म्हटलं, "पैसे कशानेही पाठवा, पण आधी विचारा. खातं कुणाच्या नावावर? चार्ज किती? अडकले तर तक्रार कुठे करायची? याचं सरळ उत्तर न देता जो डोळे मिटून मंत्र म्हणतो, त्याला दमडी देऊ नका. मेलेलं माणूस पैसे पाठवत नाही."

गर्दी पांगली. शकूताई फोनकडे बघत बसली होती.

"तो रुपया आला का मी जेवायची, बाई. वाटायचं, हाय कुठंतरी." तिने स्क्रीनवरच्या नावावर बोट ठेवलं. "मंग तो नाय?"

"नाही गं, शकूताई."

दादू बुडाल्यापासून ती रडली नव्हती, असं तेजल मला नंतर म्हणाली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा त्याच्या नावाने हंबरडा फोडला.