यंत्राला लागलेली दृष्ट

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी साडेनऊ वाजता, आमच्या कारखान्याच्या तिसऱ्या शेडमध्ये चाळीस शिकलीसवरलेली माणसे एका यंत्रासमोर हात जोडून उभी होती.

हे यंत्र धातूची भुकटी केसाहून पातळ थरात पसरते, लेसरने हवी तेवढी वितळवते आणि थरावर थर चढवून माणसाच्या खुब्यात बसवायची कृत्रिम वाटी घडवते. वरच्या काचेतून कॅमेरा प्रत्येक थर न्याहाळतो. भुकटीत चरा दिसला की लाल दिवा लागून काम थांबते. महिनाभर तो दिवसातून दहादा लागत होता. मी तपासनीस, भुकटी पसरणारे पाते झिजले आहे, असे तीनदा लिहून दिले. मालकांनी नव्या पात्याऐवजी आपल्या साडूंच्या ओळखीचे महाराज आणले.

यंत्राला दृष्ट लागली आहे, धातूलाही मन असते आणि तपासनीसाची शंका थराथरात मुरते, असे महाराजांनी सांगितले. इंजिनिअर माना डोलवत होते. मग महाराजांनी काचेवर मंतरलेले तेल फिरवले. एकवीस दिवस ती पुसायची नाही, अशी आज्ञा झाली. दिवा पुन्हा लागला नाही. नोकरीच्या भीतीने मीही काच पुसली नाही. त्या डोलणाऱ्या मानांइतकीच मला माझीही किळस आली.

त्याच आठवड्यात आमच्या टर्नरच्या बायकोची वाटी तयार झाली. शस्त्रक्रिया सोमवारी होती. प्रत्येक वाटीसोबत त्याच थरांतून एक साक्षीचा तुकडा घडतो, कापून पाहण्यासाठीच. मी तो मागितला.

"श्रद्धेला करवत लावायची नसते," मालक म्हणाले.

टर्नरने तुकडा पकडीत आवळला आणि मधोमध कापला. आत वाळवी लागल्यासारखी भोके होती.

मी फडक्याने काच पुसून यंत्र चालू केले. चौथ्याच थराला लाल दिवा लागला. तेलकट काचेतून कॅमेऱ्याला बारीक चरे दिसत नव्हते, एवढाच चमत्कार. महाराज पूर्वाश्रमी कॅमेरे दुरुस्त करीत, हे साडूंनी मान खाली घालून कबूल केले.

"पण दिवा तर लागत नव्हता ना?" मालकांचा हेका सुटेना.

"साहेब, त्यांनी यंत्राची दृष्ट नाही काढली, दृष्टी काढली," टर्नर म्हणाला.

दिवा विझल्याने दोष जात नाही. 'पुसू नका' ही जेथे उपायाची अट असते, तेथे काचही पुसावी आणि प्रश्नही पुसावा.

टर्नरने वाटी माझ्या टेबलावर ठेवली.

"ही भंगारात टाका. पातं बदला, मग तिची वाटी करा."