बिजलीनं पसंत केलेली गव्हाण

पाथरीहून सोनपेठकडे जाताना वाटेत एक आडवळणाचं गाव लागतं. तिथल्या बौद्धवस्तीतल्या बायकांनी त्या साली मिळून एक गोठा बांधला. आधी ज्याची त्याची गाय ज्याच्या त्याच्या दारात असायची. लिंबाला बांधलेली, अर्ध्या उन्हात, अर्ध्या सावलीत. त्यांच्यातल्याच धम्मशीलानं सगळ्यांना समजावलं की गाई एका जागी आल्या तर वैरण एकदम आणता येईल, दूध डेअरीला एकदम घालता येईल आणि पाळीपाळीनं एकेकीला सुट्टीही मिळेल. बाकीचं राहू द्या, पण सुट्टीचं नाव काढल्याबरोबर बायका तयार झाल्या. फेब्रुवारी संपेपर्यंत पत्रे चढले, खाली फरशी झाली, आणि भीमजयंतीच्या आधी गाई आत न्यायच्या असं ठरलं.

अडलं ते गव्हाणीपाशी.

धम्मशीलाच्या सासऱ्यांनी, तात्यारावांनी, सगळी हयात जनावरांत काढलेली. त्यांचं म्हणणं एकच होतं, सिमेंटची गव्हाण करा आणि विसरून जा. राजेश्री ही वस्तीतली नवी सून, बारावी झालेली. तिनं मोबाईलवर निळ्या प्लास्टिकच्या हौदासारख्या गव्हाणी बघितल्या होत्या. हलक्या, धुवायला सोप्या. आणि वस्तीतल्याच सरजाबाईंचा आग्रह असा, की घरोघर रिकामे ड्रम पडलेत, ते उभे चिरा, दोन गव्हाणी होतात, उगीच बाजार कशाला हिंडायचा. तिघांचंही काही चूक नव्हतं. त्यामुळं बैठक बसायची, चहा व्हायचा आणि काहीच न ठरता उठायची.

यातली खरी अडचण होती बिजली. तात्यारावांची ही लालकंधारी गाय गडद तांबडी, अंगानं भरलेली आणि शिंगं बाहेरून वळून पुढं आलेली. स्वभावानं वाईट नव्हती. माणसावर कधी धावली नाही. पण समोर वैरण ठेवली की ती डोक्यानं उकरायची, शिंगानं उधळायची, आणि वैरण ज्यात ठेवली असेल त्याचा निकाल लावायची. लाकडी खोकं, पत्र्याची पेटी, विटांचा ओटा, सगळं तिनं मोडलं होतं. निम्मा कडबा तिच्या पायाखाली जायचा.

एका बैठकीत शेजारच्या सुमनबाई सहज म्हणाल्या की बिजलीला जे पुरेल ते सगळ्यांना पुरेल. सगळ्या हसल्या. धम्मशीला मात्र हसली नाही. तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं.

"मग तिलाच इचारू की," ती म्हणाली. "आपण भांडत बसण्यापरीस बिजलीला पाथरीला नेऊ. जी गव्हाण तिच्यापुढं टिकंल, ती घेऊ."

मग राजेश्रीनं टाळी वाजवली, आणि त्या बैठकीत पहिल्यांदा काहीतरी ठरलं.

पाथरीच्या अलीकडे रस्त्याला लागून रामहरीचं वेल्डिंगचं दुकान होतं. रामहरी मेंढपाळाच्या घरातला. आई कासाबाई अजून मेंढरं राखायची. यानं मात्र लोखंडाशी सूत जमवलं होतं. दारं, खिडक्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करता करता अलीकडे तो गोठ्याचं सामानही करायला लागला होता. शेजारच्या माणसाकडं गव्हाणीसाठी उभे कापलेले सिमेंटचे पाइप मिळायचे आणि समोर शेतीसामानाच्या दुकानात प्लास्टिकच्या गव्हाणी टांगलेल्या असायच्या. म्हणजे सगळं एका जागी. धम्मशीलानं फोनवर विचारलं तेव्हा रामहरीला आधी वाटलं थट्टाच चाललीय. पण आठवड्याचा बाजार नसलेल्या दिवशी दुकानापुढं जागा मोकळी असते, तेव्हा या, असं त्यानं सांगितलं. समोरच्या दुकानदारालाही त्यानंच तयार केलं.

गावातल्या बालाजीच्या पिकअपमध्ये बिजली चढली ती सरळ, जणू दरवर्षी जाते. मागं तात्याराव तिच्या गळ्यात हात घालून उभे. पुढं धम्मशीला, आणि मागून जीपमध्ये बाकीच्या सगळ्या. कामाचा दिवस असूनही कुणी घरी राहायला तयार नव्हतं. सरजाबाईंनी तर चिरलेला ड्रम सोबत घेतला होता. रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या लागल्या, तेव्हा तात्यारावांनी एका गाडीवानाकडून वाढ्याची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, पेंडी मागून घेतली. नव्या जागी गाय खायला हवी ना.

रामहरीच्या दुकानापुढं गाडी थांबली आणि गाय उतरली तशी माणसं जमायला लागली. गव्हाणीची परीक्षा आहे आणि परीक्षा गाय घेणार आहे, हे ऐकल्यावर चहाच्या टपरीवरचा एकही माणूस टपरीवर राहिला नाही.

पहिला मान सरजाबाईंच्या ड्रमाला. त्यात वाढं टाकलं. बिजलीनं वास घेतला, दोन घास खाल्ले आणि कडेला शिंग लावून एक हिसका दिला. ड्रम उलटा झाला. परत सरळ केला तर तिनं त्यात पायच घातला, आणि ड्रम बुडाशी फाटला. सरजाबाईंनी तुकडे उचलून पिकअपमध्ये टाकले.

मग प्लास्टिकची गव्हाण आली. ही जाड होती आणि बराच वेळ टिकली. राजेश्रीचा चेहरा फुलत चालला होता. पण तळाशी राहिलेलं खायला बिजलीनं तोंड पार खाली घातलं, आणि मान वर केली तेव्हा अख्खी गव्हाण तिच्या शिंगांवर होती. निळा टोप घातल्यासारखी ती दुकानापुढं फिरली. माणसं पोट धरून हसली, राजेश्री सगळ्यांत जास्त. तात्यारावांनी गव्हाण उतरवली. कुठं तडा नव्हता, हे दुकानदार पुन्हा पुन्हा दाखवत होता. खरंही होतं ते. पण जी जागेवर राहत नाही ती काय कामाची, असं सुमनबाईंनी सांगितलं आणि तो विषय मिटला.

सिमेंटच्या अर्ध्या पाइपाला बिजली काही करू शकली नाही. तिनं ढुशा दिल्या, शिंगं घासली, पाइप हलला नाही. तात्यारावांनी मिशीवरून हात फिरवला. पण थोड्या वेळानं सगळ्यांनाच दिसलं की वैरण मात्र ती पहिल्यासारखीच उधळत होती. तोंडानं ओढून बाहेर टाकायची, मग त्यावर उभी राहायची. गव्हाण टिकत होती, वैरण टिकत नव्हती.

आता रामहरीची पाळी. आपली वस्तू त्यानं शेवटी ठेवली होती. खाली पत्र्याची कोठी, वर उभ्या पाइपांचा कठडा, आणि कठड्यावर आडवा पाइप घट्ट जोडलेला. दोन दांड्यांमधून गाईनं डोकं घालायचं आणि आतलं खायचं. वैरण बाहेर ओढता येत नाही, आत पाय घालता येत नाही. आजूबाजूच्या गावांत त्यानं अशा बऱ्याच दिल्या होत्या.

बिजलीनं मान तिरकी केली, डोकं आत घातलं आणि खायला लागली. ढुशी नाही, उधळण नाही. नुसता चघळण्याचा आवाज. बायकांनी एकमेकींचे हात धरले. इतक्या दिवसांचं भांडण आणि आता हे असं, डोळ्यांसमोर सुटत असलेलं.

तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकनं कर्कश हॉर्न दिला.

बिजली दचकली आणि सरळ मागं सरली. जाताना तिरकं गेलेलं डोकं सरळ येईना. दोन्ही शिंगं दांड्यांच्या आड अडकली, वरून आडव्या पाइपानं मान दाबली. तिनं सगळ्या ताकदीनिशी ओढ घेतली, तशी गव्हाण फरफटत तिच्यासोबत निघाली. माणसं पांगली. रामहरी आणि बालाजीनं गव्हाण धरली, तर तेही ओढले गेले. तात्याराव तिच्या अंगाला बिलगून नावानं हाका मारत होते, पण तिचे डोळे पांढरे झाले होते आणि नाकातून फुरफूर चालली होती.

रामहरी कापायचं मशीन आणायला धावला.

"ते नगं," धम्मशीला म्हणाली. "ठिणग्या बघून मान मोडून घेईल ती. मामा, तुमी तिला बोलत राहा."

तिनं वाढ्याचा मुठा घेतला आणि गव्हाणीच्या दुसऱ्या अंगानं, बिजलीच्या तोंडासमोर जाऊन बसली. आत आणि बाहेर यांच्यात नुसते पाइप. गाय आणखी एकदा पुढं उसळली असती तर गव्हाण धम्मशीलाच्या अंगावर आली असती. तिला ते माहीत होतं. तरी ती बसून राहिली. डोक्याचा रुमाल सोडून तिनं वरच्या पाइपावरून दांड्यांवर असा टाकला की बिजलीला रस्ता दिसू नये. मग मुठा तिच्या नाकाशी धरला. पहिल्यांदा गाईनं हुंगलंही नाही. तात्याराव बोलतच होते, हळू, एका सुरात, लहान वासराशी बोलावं तसं. थोड्या वेळानं फुरफूर कमी झाली. बिजलीनं एक पात ओढली. धम्मशीलानं मुठा खाली नेला, डाव्या कोपऱ्यात. गाईची मान त्यामागं गेली. आणखी खाली, आणखी डावीकडं. मान कलली. एक शिंग खाली झालं, दुसरं वर.

"मामा, आता मागं घ्या," ती म्हणाली.

तात्यारावांनी छातीला हात लावून बिजलीला मागं लोटलं, आणि डोकं जसं आत गेलं होतं तसंच अलगद बाहेर आलं.

टपरीवाल्यानं पाणी आणून दिलं. बिजलीच्या मानेवरचे केस घासले होते, कातडी शाबूत होती. सुमनबाई म्हणाल्या की राहू द्या ते सगळं, गाय घरी न्या. दोघीतिघी जीपकडं निघाल्याही. रामहरी मान खाली घालून उभा होता. आपण आजवर दिल्या त्या सगळ्या बिनशिंगाच्या संकरित गाईंना, शिंगवाल्या गाईवर कधी वापरून बघितलंच नाही, असं त्यानं स्वतःहून सांगितलं.

धम्मशीला मात्र हात न धुता गव्हाणीभोवती फिरत होती. तिचा रुमाल अजून दांड्यांवरच होता. तिनं तो उचलला आणि ज्या आडव्या पाइपावर तो होता त्याकडं बघतच राहिली.

"रामहरीदादा, ह्यो वरचा पाइप कशाला हाय?"

दांड्यांना बळकटी यावी म्हणून, त्यानं सांगितलं.

"गाय दचकली की मान वर करती. वर ह्योच आडवा येतो. वरून मोकळंच ठेवलं तर?"

रामहरीनं तिच्याकडं बघितलं, मग गव्हाणीकडं. वरून मोकळं ठेवलं तर दांडे वाकतील, असं तो म्हणाला. पण म्हणता म्हणताच त्याचा आवाज बदलत गेला. जाड पाइप घेतला तर वाकणार नाहीत. आडवी पट्टी वर न देता खाली, गाईच्या छातीच्या उंचीला दिली तर आणखी मजबूत. आणि टोकं गोल बंद केली तर कुठं लागणार नाही. तो खडू घेऊन फरशीवर बसलाच. जीपकडं गेलेल्या बायका परत आल्या. तात्याराव म्हणाले की पत्र्याची कोठी नको, मुतानं आणि पाण्यानं पत्रा चार पावसाळ्यांत गंजून जातो. बूड सिमेंटचंच पाहिजे. राजेश्रीनं टेप धरून बिजलीच्या शिंगांमधलं अंतर मोजलं, त्यावर दोन बोटं जास्त धरायला लावली. सरजाबाईंनी कोपरे गोल ठेवायला सांगितले, कोपऱ्यात वैरण कुजते म्हणून. सगळ्या एकदम बोलत होत्या आणि रामहरी सगळ्यांचं ऐकून फरशीवर रेघा ओढत होता. त्याचं जेवण डब्यातच राहिलं.

दुपार कलली तेव्हा दुकानापुढं एक नवीच वस्तू उभी होती. शेजारचा सिमेंटचा अर्धा पाइप खाली, त्याच्या पुढं वरून मोकळे जाड दांडे, ओळीनं उभे.

बिजलीला पुढं आणायला तात्याराव आधी तयार नव्हते. सकाळी जे झालं ते त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. धम्मशीलानं त्यांना घाई केली नाही. ती नुसती कासरा धरून उभी राहिली. शेवटी त्यांनीच गाईच्या पाठीवर थाप मारली.

बिजली आली. वास घेतला. मान दांड्यांमध्ये घातली आणि खायला लागली. तिनं ढुशी दिली, दांडा हलला नाही. तोंडानं वैरण ओढली, ती दांड्याला अडून परत गव्हाणीतच पडली. मग बालाजीनं मुद्दाम पिकअपचा हॉर्न जोरात वाजवला. बिजलीनं झटकन मान वर केली, शिंगं वरच्या मोकळ्या जागेतून सुटली, ती दोन पावलं मागं आली, कान टवकारून उभी राहिली, आणि परत येऊन खायला लागली.

टपरीवरच्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. गव्हाणीच्या वादावरून आठवडाभर नीट न बोलणाऱ्या सुमनबाई आणि सरजाबाई यांनी एकमेकींना मिठी मारली. रामहरी हसत होता आणि त्याला हसू थांबवता येत नव्हतं. तात्याराव सुनेजवळ आले. त्यांना कौतुकाचे शब्द फारसे येत नसत.

"लय भारी केलंस, पोरी," एवढंच म्हणाले, आणि उपरण्यानं तोंड पुसायच्या निमित्तानं दुसरीकडं वळले.

आठवडाभरात सगळ्या गव्हाणी गोठ्यात बसल्या. बसवायला रामहरी स्वतः आला, सोबत कासाबाईंना घेऊन. त्यांनी दांड्यांवर हात फिरवून बघितला आणि मेंढरांसाठी अशीच बुटकी गव्हाण करून दे म्हणून मुलाला तिथंच सुनावलं. संध्याकाळी एकेक गाय आत आली. राजेश्रीनं वैरण टाकली. ओळीनं सगळ्या माना दांड्यांमधून आत गेल्या आणि गोठाभर कडबा चावल्याचा आवाज भरून राहिला. बायका दाराशी उभ्या राहून ते ऐकत होत्या. घरी जायचं कुणाच्या मनात येईना.

सकाळी पाळी सरजाबाईंची होती. त्या झाडू घेऊन आत गेल्या आणि लगेच बाहेर येऊन धम्मशीलाला हाक मारली. काय झालं म्हणून ती पळत आली. सरजाबाई गाईंच्या पायाकडं बोट दाखवत होत्या. फरशीवर शेण होतं, कडब्याची एक काडी नव्हती.

"आता झाडू तरी काय?" सरजाबाई म्हणाल्या, आणि दोघी खूप वेळ हसत राहिल्या.