दोन घरांमधली तार

मित्रांनो, मी एक जुनी टेलिफोनची तार आहे. नारीन नावाच्या डोंगरी गावात बुरुल आजींच्या घरातून निघून, मातीच्या कुंपणावरून मी शेजारी त्यांचा थोरला मुलगा तोक्तोसुन याच्या घरी जात असे. रिवाजाप्रमाणे धाकटा सागिन आईजवळ राहिला आणि थोरल्याने वेगळी चूल मांडली, तेव्हा आजींनीच मला जोडायला लावलं. फोन आला की दोन्ही घरांत घंटी वाजे. दूर परदेशी, नोवोसिबिर्स्कला कामाला गेलेली लेक जिपारा एकदाच बोले आणि आई नि भाऊ आपापल्या घरी बसून ऐकत. माझा मोठा मान होता.

पुढे त्याच लाइनवर इंटरनेट आलं. जिपाराचा मुलगा पडद्यावर दिसायचा, पण तुकड्यातुकड्यांनी. आजींनी नातवाला अजून हातात घेतलं नव्हतं. आता तो पहिली पावलं टाकत होता. त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून पायांत बांधलेला लोकरीचा दोरा कापायचा सोहळा होता आणि आशीर्वाद आजींनी द्यायचा होता.

सागिनने इंटरनेटचा डबा हलवून पाहिला, बंद करून पुन्हा लावला. शेवटी त्याने टेलिफोन कचेरीत विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, "घरातले सगळे फोन काढा आणि लाइन आत येते तिथेच डबा जोडून बघा." मी सुटले मात्र, चित्र सरळ धावू लागलं. उन्हापावसात माझा जोड गंजला होता. दोष माझ्यातच निघाला, मित्रांनो.

"हिला कापूनच टाकतो," सागिन म्हणाला.

"भावाभावांतली तार कापतोस?" आजी कडाडल्या. "लोक म्हणतील, बुरुलची पोरं तुटली. लाव परत."

"आपा, मग बाळ दिसायचं नाही," सागिन आईला म्हणाला.

"नाही तर नाही. आवाजावर आशीर्वाद देईन." एवढं बोलून आजींनी तोंड फिरवलं. डोळे भरले होते. सागिनने मला परत जोडलं.

सोहळ्याच्या दिवशी तोक्तोसुन पेचकस घेऊनच आला.

"बाइके, आपा रागावेल," सागिन थोरल्या भावाला पुटपुटला.

"कापतोय कुठे? सोडतोय." मग तो आईकडे वळला. "आपा, पायातला दोरा गेल्याशिवाय पोर चालतं का?"

"आणि बहिणीचा फोन तू कुठे ऐकणार?"

"इथे, तुझ्याजवळ बसून. चहा देशील ना?"

"देईन. आधी बूट काढ बाहेर."

तोक्तोसुनने मला सोडलं. पडद्यावर दोरा कापला गेला. बाळ दोन पावलं चाललं, बसलं, पुन्हा उठलं. चित्र एकदाही अडकलं नाही. आजींनी ओंजळ पसरून आशीर्वाद दिला आणि तेच हात चेहऱ्यावरून फिरवले. ते बराच वेळ चेहऱ्यावरच राहिले.

मित्रांनो, इंटरनेट रखडलं तर डब्याला चापट्या मारू नका. एकेक फोन काढून बघा, जोड उघड्यावर गंजू देऊ नका. आणि जुनी तार सोडाल तेव्हा पीळ न देता गुंडाळून ठेवा. तोक्तोसुनने मला तशीच त्याच्या खोलीत खुंटीला अडकवली आहे. जिपाराचा फोन यायच्या वेळी या घरात आता कुणीच नसतं. सगळे पलीकडे आजींकडे जातात. मी इथे एकटी असते, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही.