पेटीभोवतीचा फवारा

थंडीने मुक्काम ठोकला की या शहरावर धूर झाकणासारखा बसतो. वारा पडतो, समोरची इमारत दिसेनाशी होते आणि घराघरांत खोकल्याची जुगलबंदी सुरू होते. धूळ बसवायला रस्त्यांवर पाणी मारणाऱ्या टँकरवाल्याला त्या दिवसांत श्वास घ्यायची फुरसत नसते. घ्यावा अशी हवाही नसते म्हणा.

त्या सकाळी मुकादमाने त्याला चौकातल्या एका पेटीपाशी आणून उभं केलं. पेटी म्हणजे हवा मोजायचं यंत्र. तिचा आकडा सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायचा: हवा वाईट असली की लाल, बरी असली की हिरवा; लाल असेपर्यंत शाळा बंद.

"रस्ते राहू देत," मुकादम म्हणाला, "हिच्याभोवतीच फवारा मार. शाळा किती दिवस बंद ठेवायच्या? वरच्यांची बोलणी ऐकून माझे कान किटलेत."

"पण धूर तर सगळीकडेच आहे, साहेब."

"तुला पगार धुराचा मिळतो की पाण्याचा?"

हुकमाच्या ताबेदाराने निमूटपणे पंप सुरू केला. जीव मात्र थाऱ्यावर राहीना. तो खाली उतरे, मोबाइल बघे, पुन्हा वर चढे. घरी त्याची चिमी दम्याने बेजार होती. हवा बरी असेल तरच बाहेर, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बरी म्हणजे किती, यावरून नवराबायकोत रोज खडाजंगी. शेवटी त्यानेच तोडगा काढला होता: आपण कोण मोठे शहाणे? आकडा लाल असला तर घरात, हिरवा झाला तर शाळेत.

पेटीभोवती चिखल झाला आणि आकडा घसरत घसरत हिरवा झाला. दुपारच्या शाळा भरणार, असा निरोप लगेच फिरला. मुकादमाने त्याची पाठ थोपटली. टँकरवाल्याने मात्र ओल्या बोटांनीच बायकोला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"अगं, चिमीला आज पाठवू नकोस!"

"का? आकडा हिरवा झालाय की. तुम्हीच तर म्हणता..."

"तो मी पाडलाय गं, पाणी मारून! हवा होती तशीच आहे."

ती हळूच म्हणाली, "ती गेली हो. पळतच गेली. मास्कसुद्धा घेतला नाही. म्हणाली, आज बाबांचा आकडा हिरवा आहे."

टँकर तिथेच टाकून तो शाळेकडे धावत सुटला. मुकादम मागून ओरडत राहिला. चौक ओलांडेपर्यंतच त्याला धाप लागली, आणि चिमी तर याहून कितीतरी लांब पळत गेली होती.