उशीखालचे कागद

आर्वो लेहतिनेनला इस्पितळाच्या त्या खोलीत डांबल्याला आज पाच दिवस झाले होते. खिडकी होती, पण उघडत नव्हती. बोटींची इंजिनं दुरुस्त करत जन्म काढलेला, सुपीरियर सरोवराच्या काठी उघड्यावर वाढलेला गडी तो. चार भिंतींचा त्याला नुसता वीट आला होता.

त्याच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवून, परत त्याच्या अंगात सोडल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. ही पेशी कॅन्सरच्या पेशीला चिकटते, भोक पाडते, आत विष सोडते, आणि कॅन्सरची पेशी मेली की दुसरीकडे वळते. मात्र या मारामारीत सगळं अंग तापतं, कधी मेंदूलाही झळ लागते. मग आधी अक्षर बिघडतं. म्हणून रोज एकच वाक्य लिहायचं. आर्वोनं निवडलं होतं, ‘सरोवरावरचा बर्फ फुटायच्या आत मला घरी जायचंय.’ अक्षर बिघडलं, की मारामारी आवरायचं औषध सुरू.

इथेच म्हाताऱ्याचं डोकं नको तिकडे चाललं. औषध दिलं की आपल्या पेशी काम अर्धवट टाकतील आणि आपण इथेच सडू, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं. दुसऱ्याच दिवशी, हात धड होता तेव्हा, त्यानं दहा कागद लिहून उशीखाली सरकवले. नर्स रोवेना कोरा कागद ठेवून शेजारच्या खोलीत जाई, तेवढ्यात अदलाबदल होई. बायको मार्लिस कोपऱ्यात विणत बसलेली असे. तिला काही कळत नाही, अशी त्याची समजूत होती.

आजही त्यानं तयार कागद दिला. मग डोकं ताळ्यावर आहे ना, हे बघायला रोज विचारतात तसे शंभरापासून दहा-दहा कमी करत आकडे धडाधड म्हणून दाखवले. तुमच्यापेक्षा माझंच अक्षर बिघडलंय, असं हसत म्हणून रोवेना दाराकडे वळली.

आर्वोच्या घशाला कोरड पडली होती. पाणी मागायला त्यानं तोंड उघडलं, तर शब्दच येईना. ग्लास समोर दिसत होता. बायकोला हाक मारावी, तर चाळीस वर्षांचं नाव, तेही सापडेना. तो टरकला. आतून जिवाच्या आकांतानं ओरडत होता, आणि खोली शांत होती. हे दार आपणच लावून घेतलं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानं उशी ढकलली, उरलेले कागद जमिनीवर लोटले. आवाजानं रोवेना परत खाटेजवळ आली. तिच्या खिशातलं पेन ओढून त्यानं उशीखाली लपवलेल्या आजच्या कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. निघाल्या त्या नुसत्या वेड्यावाकड्या रेघा. तो कागद त्यानं तिच्या हातात कोंबला. तिनं एक नजर टाकली आणि भिंतीवरची घंटा दाबली.

मार्लिस त्याचा हात धरून रडायला लागली.

“मला माहीत होतं, आर्वो. पहिल्या कागदापासून माहीत होतं. तुला घरी न्यायचं होतं, म्हणून गप्प बसले.”

तो तिच्याकडे बघत ओठ हलवत राहिला. तिचं नाव काही आलं नाही.