प्रार्थनेसाठी सांगितलेलं

चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलपदासाठी कुणाचं नाव सुचवलं गेलं, की त्याला काहीही न कळवता त्याचं घर पाहून यायचं, ही तिथली जुनी रीत. या खेपेला नाव एका लिफ्ट-मेकॅनिकचं होतं आणि पाहायला गेले होते चष्मेवाले काका. उभं आयुष्य लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत ‘आता नीट दिसतंय?’ विचारण्यात गेलेलं. माणसं पारखण्याचं काम त्यांच्याकडे आपसूकच चालत आलं होतं.

मेकॅनिक कामावर होता. त्याची बायको मशीनवर गणवेशाचे सदरे शिवत बसली होती. काकांना पाहून तिला हायसं वाटलं.

“बरं झालं आलात, काका. यांच्या रागासाठी प्रार्थना करा. पूर्वी ताट भिरकावायचे. हल्ली नुसते गप्प होतात, दिवसचे दिवस. मला मेलं ते ताटच बरं वाटतं! निदान आवाज तरी व्हायचा.”

ती हसली आणि हसता हसताच हातातला सदरा तिनं डोळ्यांना लावला.

काकांनी प्रार्थना केली. शब्द खरे होते, पण त्यांच्या तळाशी, पाण्याखालून सरकणाऱ्या सावलीसारखं, दुसरंच एक वाक्य जुळत होतं : तापट, पदास अयोग्य. ‘आमेन’ म्हणताना त्यांना स्वतःच्याच आवाजाची लाज वाटली.

तरीही दुसऱ्या दिवशी बैठकीत ते वाक्य त्यांनी उच्चारलंच.

“कळलं कुठून?” चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, विचारलं.

“घरातूनच.”

“ठीक. त्याचं नाव बाद. आज संध्याकाळी त्याला कारण सांगून टाकतो.”

तेव्हा कुठे काकांच्या ध्यानात आलं : कारण सांगणं म्हणजे त्या बाईकडे बोट दाखवणं.

“साहेब, तिनं ते प्रार्थनेसाठी सांगितलं होतं. साक्ष म्हणून नव्हे. मी माझं बोलणं मागे घेतो.”

“आता आम्ही कान धुऊन यायचं का, काका? आणि ते खोटं आहे का?”

“नाही. खरं आहे.” काकांनी हात जोडले. “निदान त्याला सांगायचं काम मला करू द्या.”

संध्याकाळी मेकॅनिकच्या घराच्या उंबऱ्यातच उभं राहून त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिनं मशीनचं फिरतं चाक तळव्यानं थांबवलं.

“म्हणजे तुम्ही यांना जोखायला आला होतात. आणि मी वेडी, मन मोकळं करत बसले.”

“चुकलो गं, पोरी.”

“पद गेलं तर जाऊ दे, काका. पण आता मी कुणाला सांगायचं?”

काका उंबऱ्यातच घुटमळले.

“बसा,” ती म्हणाली. “हे येतीलच इतक्यात. बायकोनं चहाडी केली असं त्यांना वाटायला नको. तुमच्या तोंडून ऐकू देत.”

काका खुर्चीच्या कडेवर टेकले. मशीन पुन्हा सुरू झालं. क्षमा आधी कुणाची मागावी, हे त्यांना ठरवता येईना. जिन्यात पावलं वाजली तेव्हा तिनं मान वर केली नाही. काकाच उठून उभे राहिले.